नावं खाणारा प्रोग्राम

प्रिय अन्वरभाई,

सलाम आणि जयभीम. तुम्ही असताना यातलं एकच मला म्हणावं लागायचं. मी 'सलाम' म्हणायच्या आत तुम्ही क्लासच्या दारातून 'जयभीम वं वंदना' म्हणून मोकळे! आता दोन्ही माझ्याच वाट्याला आली आहेत.

उद्या तुम्हाला जाऊन चाळीस दिवस होतील, तुमचा चाळिसावा. नसीमभाभींनी मला नेरच्या घरी बोलावलं आहे आणि येताना एका प्रश्नाचं उत्तर घेऊन यायला सांगितलं आहे. उत्तर मला वीस वर्षांहून जास्त काळ ठाऊक आहे. ते तोंडातून निघत नाही, म्हणून आधी तुम्हाला लिहून बघते. प्रोग्राम मशीनवर चालवायच्या आधी कागदावर चालवून पाहायचा, असं तुम्हीच शिकवलं होतं ना?

तुमची शोकसभा यवतमाळला झाली, तुमच्या जुन्या क्लासच्या हॉलमध्ये. पंचवीस-तीस विद्यार्थी आले होते. कोणाचे केस गेलेले, कोणाची पोटं सुटलेली. सगळे भरभरून बोलले. मग पुण्याहून आलेला तुमचा तो उंच विद्यार्थी उठला, ज्याला तुम्ही 'खंबा' म्हणायचात. तो म्हणाला, "अन् सरांचा कापसाचा प्रोग्राम आठवते का? नावं खाणारा!" सगळे हसले. वाईट मनानं नाही हो, प्रेमानंच हसले. मीसुद्धा हसले, अन्वरभाई. मी!

भाभी मागे बायकांमध्ये बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. ते मला दिसलं आणि तरी मी बसून राहिले.

सभा संपल्यावर त्यांनी मला दाराशी गाठलं. हातात एक गठ्ठा होता, दोन्ही कडांना भोकं असलेला, घड्या घातलेला प्रिंटरचा लांब कागद. म्हणाल्या, "हे त्यायच्या पेटीत होतं. रुबीनाले दाखोलं, तर ते म्हणते अम्मी, ही भाषा आता कोनालेच येत नाही. तुले येते न वं?"

"येते, भाभी."

"मंग वाच अन् मले सांग. खरंच यायच्या प्रोग्रामची गलती होती का? चाळिसाव्याले येशीन तवा सांग. आज सगळे हासले, मले नाही हासू आलं."

मी म्हणाले, "वाचून सांगते." जसं काही मला वाचल्याशिवाय ते माहीतच नव्हतं!

रुबीना खरं तेच बोलली. ही क्लिपर भाषा येणारी माणसं आपल्या ओळखीत शेवटी दोनच उरली होती, तुम्ही आणि मी. आता मी एकटी. आमच्या ऑफिसातली मुलं चांगली आहेत, मोठ्या मोठ्या भाषा जाणतात, पण इंडेक्स म्हणजे नोंदींची सूची, बिघडली की पुन्हा बांधायची, हे त्यांना कुठं ठाऊक! मी एकदा सहज म्हटलं, "आज माझ्या डोक्याचा इंडेक्स उडालाय," तर एकानं मला काळजीनं बीपी तपासायला सांगितलं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "मंग बांध न पुन्हा, दोन मिनिटाचं तर काम हाये!" एवढ्याशा वाक्यासाठी मी आता फोन कोणाला करू?

घरी तरी कोण आहे? लग्न केलं नाही, आई-बाबा गेले. संध्याकाळी दार उघडायचं, दिवा लावायचा आणि आपलाच आवाज ऐकायला नको म्हणून टीव्ही लावायचा. महिन्यातून एकदा तुमचा फोन यायचा आणि आपण अर्धा तास त्या मेलेल्या भाषेबद्दल बोलायचो. त्या अर्ध्या तासावर माझा महिना निघायचा, हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. काय काय सांगितलं नाही मी तुम्हाला!

क्लिपरची गोष्ट तुम्ही अशी सांगायचात, जसं घरातलं लग्न कसं जमलं ते सांगावं. आधी डीबेस होती, नोंदी ठेवायची भाषा. ती प्रोग्रामची एक ओळ वाचायची, तेवढं काम करायची, मग पुढची ओळ वाचायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून तेच! आणि ज्याला प्रोग्राम करून द्यायचा त्याच्या मशीनमध्येही डीबेस असायला हवी. मग तिकडे अमेरिकेत त्याच धंद्यातली काही माणसं एका माशांच्या खाणावळीत जेवायला बसली. त्यांच्या मनात आलं, हा प्रोग्राम एकदाच नीट वाचून मशीनच्या भाषेत पक्का करून टाकला तर? मग तो कुठंही नेऊन चालवा, डीबेसची गरजच नाही. तो पक्का करणारा कंपायलर म्हणजे क्लिपर. खाणावळीत शिडाच्या वेगवान जहाजाचं चित्र होतं, म्हणून त्या जहाजाचंच नाव ठेवलं.

"सर, हे तुम्हाला कसं माहीत?" असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. तेव्हा मी तुम्हाला सर म्हणायची.

"मी का तिथं जेवाले गेलतो? वाचलं कुठंतरी. अन् सर नको म्हणू, भाई म्हण. सर म्हटलं का मले माहे मास्तर आठोते, लय मारे तो."

तिच्या पहिल्या आवृत्त्यांना नंबर नव्हते, ऋतूंची नावं होती. विंटर, समर, ऑटम. तुम्ही फळ्यावर ती लिहायचात आणि वळून म्हणायचात, "आपल्या इकडच्या मानसानं केली असती तर खरीप पंच्याऐंशी अन् रबी शहाऐंशी असं नाव ठेवलं असतं!" दर बॅचला हाच विनोद, आणि दर बॅच हसायची. समर सत्त्याऐंशी तुमची लाडकी. पुढे पाचवी आली. तिच्यात कितीतरी नव्या सोयी होत्या. ती तुम्ही शिकलात, शिकवलीत, पण तिच्याबद्दल बोलताना तुमचा आवाज पाहुण्यांशी बोलल्यासारखा असायचा.

आपल्याकडे ती रुळली तोवर तिकडे तिचे दिवस भरत आले होते. तिची कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीनं घेतली, सगळीकडे विंडोज आलं आणि रंगीत चित्रांच्या त्या जगात काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरं कोणाला हवी होती? पण हे आपल्याला कोण सांगणार! इकडे कापसाची सरकी काढणारे जिनिंगवाले कुठूनतरी जुनी मशीनं आणायचे आणि म्हणायचे, "अन्वरभाई, एखादा प्रोग्राम बसवून द्या न." तुम्ही फ्लॉपी खिशात घालून एसटीनं निघायचात. कंपाइल व्हायला वेळ लागायचा, तेवढ्यात तुम्ही मशीनच्या मालकाकडून दोन चहा वसूल करायचात.

एक गोष्ट मात्र लिहूनच ठेवते, कारण पुढे तिचाच तुम्हाला फटका बसला. पक्का झालेला प्रोग्राम चालतो, पण तो कोणाला वाचता येत नाही. आत काय लिहिलं आहे हे फक्त लिहिणाऱ्याला माहीत. गिऱ्हाइकाला त्याच्या शब्दावरच विश्वास ठेवावा लागतो.

आणि तो धडा. कळंबहून रोज एसटीनं यायची मी, अठरा-एकोणीस वर्षांची, वहीला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली. तुम्ही सांगितलं होतं की या भाषेत एखादी नोंद डिलीट केली तरी ती जात नाही. तिच्या पुढे फक्त एक चांदणी लागते आणि ती यादीत दिसेनाशी होते. रिकॉल म्हटलं की परत येते. पण पॅक म्हटलं, की चांदणीवाल्या सगळ्या नोंदी कायमच्या गेल्या आणि खालच्या नोंदी त्यांच्या जागी वर सरकल्या.

"हे लय इमानदार काम केलं त्याईनं," तुम्ही म्हणाला होतात. "माहे अब्बा नेरच्या बाजारात मापारी होते. कापूस मोजे अन् वहीत लिहे. नाव चुकलं तर एक रेघ मारे, वरून काळं करत नसे. खोडलेलं वाचता आलं पाह्यजे, नाही तर मानूस भांडाले जाईन कुठं?"

तुमच्या एकाही प्रोग्राममध्ये पॅक नव्हता. आम्हाला तुम्ही तो शिकवलात आणि वर ताकीद दिलीत, "मले विचारल्याशिवाय हा शब्द टाइप नाही करायचा."

मग ती वर्षं आली. आपल्या जिल्ह्याचं नाव वर्तमानपत्रात कशासाठी यायचं ते मी इथं लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. बाहेर भाव पडला की सगळा कापूस सरकारी खरेदी केंद्रावर यायचा. बैलबंड्या आणि ट्रॅक्टर यांची रांग फाटकापासून डांबरी रस्त्यापर्यंत, आणि माणसं चार-चार दिवस बंडीखाली झोपायची. रांगेत घुसण्यावरून मारामाऱ्या व्हायच्या. तेव्हा पांढरकवड्याच्या पुढच्या त्या केंद्रावर तुमचा नंबरांचा प्रोग्राम बसला आणि तो चालवायला तुम्ही माझं नाव सुचवलंत. माझी पहिली नोकरी! रोजंदारीची का होईना. बाबांनी गल्लीभर सांगितलं होतं. मी तिथंच गावात मावशीकडे राहायला गेले.

काम सोपं होतं. फाटकात गाडी आली की नाव, गाव आणि बंडी की ट्रॅक्टर एवढं टाइप करायचं. फाइलमध्ये ती कितवी नोंद पडली, तोच चिठ्ठीवरचा नंबर. कोणाचा बैल पडला, कोणाच्या घरी काही झालं आणि तो परत गेला, तर त्याचं नाव डिलीट. म्हणजे नुसती चांदणी. तो दोन दिवसांनी आला की रिकॉल, आणि त्याचा जुना नंबर त्यालाच. रांगेतल्या लोकांनाही ते पटलं होतं. 'गेला तरी नंबर त्याचाच,' असं ते एकमेकांना सांगायचे. रुईचे तंतू कीबोर्डमध्ये अडकून कळा बसायच्या, त्या मी दाढीच्या जुन्या ब्रशनं झाडायची. महिनाभर एकही भांडण झालं नाही. तुम्ही फोनवर मला "वा रे पोट्टी!" म्हणाला होतात.

भीमबाई टेकाम तुम्हाला आठवते का? तुम्ही तिला पाहिलं नव्हतं, फक्त माझ्याकडून ऐकलं होतं. झरी जामणीकडच्या एका कोलाम पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, नवऱ्याबरोबर बंडी घेऊन आली होती. तिसऱ्या दिवशी त्यांचा एक बैल बसला तो उठेना. ती माझ्या खिडकीशी येऊन म्हणाली, "बाई, आमी दुसरा बैल आनतो. माहा नंबर राहीन न?" मी तिच्यासमोर चांदणी लावली आणि म्हणाले, "राहील." इतक्या ठामपणे म्हणाले! तिनं चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मोठे साहेब तपासणीला येणार होते. सकाळी फाटक उघडायच्या आधीच केंद्रप्रमुखांनी मला यादी छापायला सांगितली. छापली, तर त्यात नंबर मध्ये मध्ये तुटलेले. चौदानंतर एकदम सतरा, अठरानंतर बावीस. चांदणीवाले दिसत नव्हते ना! ते म्हणाले, "हे मधले नंबर कुठं गेले? साहेब विचारतीन, मी काय सांगू? यादी साफ पाह्यजे मले."

मला फोन करता आला असता. गावात एसटीडी बूथ होतं, शंभर पावलांवर. पण मला वाटलं, भाईंना कशाला विचारायचं, मला येतं की! खरं लिहायचं तर मला मिरवायचं होतं. मशीनमध्ये डीबेस होती, तिच्यातून मी फाइल उघडली आणि पॅक टाइप केला. एंटर मारला. यादी आली एक, दोन, तीन, चार, अगदी सरळ. प्रमुख म्हणाले, "शाबास!" आणि मला त्या शाबासकीचा किती आनंद झाला होता, अन्वरभाई!

दहा वाजता फाटक उघडलं. नंबर पुकारला, तर पडद्यावर एकाचं नाव आणि चिठ्ठी दुसऱ्याच्याच हातात. पुढचा पुकारला, तेच. खोडलेली नावं गेली होती आणि त्यांच्याखालचे सगळे वर सरकले होते. कोणाच्याही चिठ्ठीचा पडद्याशी मेळ राहिला नव्हता. अर्ध्या तासात रांग मोडली. माणसं चिठ्ठ्या वर धरून खिडकीवर ओरडत होती आणि जे दांडगे होते त्यांनी आपल्या बंड्या सरळ वजनकाट्यावर नेऊन लावल्या. प्रमुखांनी मशीनचं बटण बंद केलं, वही काढली आणि जे काट्याजवळ होते त्यांची नावं आधी लिहायला घेतली.

दुपारी भीमबाई आली. दुसऱ्याचा बैल मागून आणला होता. तिनं पदराची गाठ सोडली, चिठ्ठी काढली. मी मशीन पुन्हा लावून शोधलं. कुठून रिकॉल करणार? नाव फाइलमध्येच नव्हतं.

"तूच लिवलं होतं न बाई? माह्या समोर लिवलं होतं न?"

मी म्हणाले, "नाव दिसत नाही." एवढंच म्हणाले. कोणीतरी तिला शेवटी जाऊन उभं राहायला सांगितलं, आणि शेवट तर पार रस्त्यावर गेला होता. तिनं चिठ्ठी माझ्या खिडकीत ठेवली, नवऱ्याला काहीतरी कोलामीत म्हणाली आणि बंडी वळवली. ती पुन्हा त्या केंद्रावर आली नाही.

प्रमुखांनी फोन केला आणि तुम्ही तिसऱ्या प्रहरी एसटीनं पोचलात. गळ्यात मफलर, खिशात फ्लॉपी. मशीनसमोर बसलात, फाइल उघडलीत, शेवटच्या नोंदीचा नंबर पाहिलात. खोडलेली एकही नोंद शिल्लक नव्हती. तुमच्या प्रोग्राममध्ये पॅक नाही हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. एकदाच.

प्रमुख मागे उभे होते. "कोनाची गलती हे, अन्वरभाई? या पोरीची का तुमच्या प्रोग्रामची? पोरीची असन तर तिले आताच घरी पाठोतो."

"माह्या प्रोग्रामची."

"लिहून द्यान?"

"देतो न. कागद आना."

आणि तुम्ही लिहून दिलंत, खाली सही केलीत. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. ब्रशनं कीबोर्ड झाडत होते! स्वच्छ कीबोर्ड पुन्हा पुन्हा झाडत होते. तुम्ही उठलात, मफलर नीट केलात आणि जाता जाता "मशीन झाकून ठेव" एवढंच म्हणालात.

मग काय काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. आणखी दोन केंद्रांवर तुमचा प्रोग्राम बसणार होता, तो नको म्हणाले. जिनिंगवाल्यांनी आपापली मशीनं उघडून पाहिली, आमचीही नावं खाल्ली का म्हणून. कोणी तरी ते नाव ठेवलं, नावं खाणारा प्रोग्राम, आणि ते तुमच्याआधी यवतमाळला पोचलं. खाल्लं की नाही हे कोण तपासणार? आत वाचता तर येत नव्हतं. पुढे तुम्ही क्लासमध्ये टायपिंग शिकवलंत आणि प्रिंटर दुरुस्त केलेत. सगळ्या विदर्भात जाईल असा प्रोग्राम लिहीन, असं म्हणायचात आधी.

आणि मी? मला त्या प्रमुखांनी अनुभवाचा दाखला दिला. त्या दाखल्यावर मला सध्याची नोकरी लागली. त्या नोकरीवर कळंबचं हे घर झालं, चिंतामणीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. या घरात बसून हे लिहिते आहे.

पण मला तुमचा रागही येतो, अन्वरभाई. हो, येतो! तुम्ही मला विचारलं होतं का, वाचवू का म्हणून? एकदा तरी ओरडायचं होतं. 'काहून केलं वं असं?' म्हणायचं होतं. दोन थोबाडीत द्यायच्या होत्या. मी रडले असते, कबूल केलं असतं आणि मोकळी झाले असते. तुम्ही काही म्हणालाच नाहीत. मग मी कुठून सुरुवात करणार होते? दर महिन्याच्या फोनला ठरवायची, आज सांगायचं. मग तुम्ही विचारायचात, "काय म्हनते तुही क्लिपर?" आणि मी हसत सुटायची.

एकदा अगदी ओठांवर आलं होतं. तुम्ही कळंबला आला होतात, खिशात फ्लॉपीऐवजी पेन ड्राइव्ह. जगभरच्या कोणाकोणा माणसांनी मिळून एक फुकटचा कंपायलर लिहिला होता, आपला जुना क्लिपरचा प्रोग्राम नव्या मशीनवर पक्का करणारा. माझ्या लॅपटॉपवर तुम्ही तो चालवलात. काळा पडदा आला, पांढरी अक्षरं आली. सत्तरीला टेकलेले तुम्ही टाळ्या वाजवत म्हणालात, "पाह्य वं, जित्ती हाये!"

मी म्हणाले, "अन्वरभाई, एक सांगायचं होतं."

"सांग न."

"चहात साखर कमी झाली का?"

"बराबर हाये," तुम्ही म्हणालात. पण माझ्याकडे आणखी थोडा वेळ पाहत राहिलात. आता वाटतं, तुम्ही वाट पाहत होतात. खरंच पाहत होतात का? की हे मी आता, सोयीनं, मनाशी रचते आहे?

भाभींनी दिलेला गठ्ठा मी महिनाभर वाचला. ऑफिसातून आले की टेबलावर पसरायचा आणि बोट ठेवून एकेक ओळ. शाई फिकी झाली आहे, कुठं कुठं भिंग लावावं लागलं. तुमचं लिहिणं किती नेटकं हो! एखाद्या ठिकाणी मला वाटायचं, इथं भाई अडकले असतील, आणि पुढच्याच ओळीत तुम्ही त्यातून अलगद निघालेले असायचात. इतक्या दिवसांत इतका वेळ तुमच्याशी बोलल्यासारखं वाटलं नव्हतं. शेवटच्या पानापर्यंत गेले. पॅक कुठंही नाही.

पण गठ्ठ्यात दोन प्रोग्राम निघाले. दुसरा त्या घटनेनंतरच्या महिन्यातला, वर तारीख आहे. म्हणजे सगळ्यांनी नको म्हटल्यावर तुम्ही तो पुन्हा लिहायला बसला होतात! त्यात चिठ्ठीच्या नंबरासाठी वेगळी जागा केली आहे. आता नोंदी वर सरकल्या तरी ज्याचा नंबर त्याच्याचपाशी. आणि तिथं तुमची टीप आहे, इंग्रजी अक्षरांत टाइप केलेली आपली बोली:

'नंबर वेगळा ठेवला. हे पयलेच कराले पाह्यजे होतं, गलती माहीच. आता कोनं पॅक मारला तरी काही होत नाही. पोट्टी भेली होती.'

पोट्टी भेली होती. मी घाबरले होते, हे तुम्ही मशीनला सांगितलंत! मला नाही, भाभींना नाही. कंपायलर अशा टिपा वाचतसुद्धा नाही, सोडून देतो, हे तुम्हीच शिकवलेलं.

मी ते पान समोर ठेवून खूप रडले. आणि रडून झाल्यावर माझ्या मनात काय आलं, सांगू? की हे पान भाभींना दाखवावं. 'बघा भाभी, त्यांनीच लिहिलंय, गलती माहीच. थोडी त्यांची, थोडी माझी.' सुटले! तुम्ही जाता जाताही मला एक दार उघडं ठेवलं होतं, आणि मी त्यातून निघून जायच्या बेतात होते. दोन दिवस मी तशी वाक्यं जुळवत होते. मग लक्षात आलं, त्या दिवशी खिडकीत भीमबाईला मी जे म्हणाले होते, 'नाव दिसत नाही', तसंच हे. यातलं काही खोटं नाही, पण जे मी केलं, नेमकं तेच त्यात नाही.

तर ऐका. उद्या सकाळच्या एसटीनं यवतमाळ, तिथून नेर. खंबाही येणार आहे, आणखी आठ-दहा जण येणार आहेत. भाभींना बाजूला घेऊन सांगणार नाही. आम्ही हसलो होतो सगळ्यांसमोर. सगळ्यांसमोरच सांगेन, फातिहाची प्रार्थना झाली की लगेच, जेवणाच्या आधी. तुमच्या टिपेचं पान नंतर दाखवेन, ते भाभींचंच आहे. पहिलं वाक्य माझं असेल: "भाभी, प्रोग्राममध्ये चूक नव्हती. पॅक मी मारला, आणि अन्वरभाईंनी माझ्यासाठी खोटं लिहून दिलं." पुढं त्या विचारतील, इतकी वर्षं काहून नाही सांगितलं? तेव्हा सबब रचणार नाही, त्या खोट्यावर मला दाखला, नोकरी आणि घर मिळालं, तेही सांगेन.

मग झरी जामणीला जाईन. भीमबाई असेल की नाही ठाऊक नाही, पोडाचं नाव आठवतं. तिलाही सांगायचं आहे, की बाई, मीच लिहिलं होतं, तुझ्यासमोर लिहिलं होतं.

हे वचन आहे, अन्वरभाई. सांगून झाल्यावर भाभींनी ताट वाढलं तर बसेन. नाही वाढलं, तर दुपारच्या बसनं परत येईन.

तुमची,
वंदना